जिजाऊंच्या नावाचा करंडक. पण मैदान कुणाचे?

बुलडाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. दरवर्षी 12 जानेवारीला तेथे बहुजन समाजाचा मोठा मेळा भरतो. याच जिजाऊंच्या नावाने देशातील महिला फुटबॉलची आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा खेळली जाते, हे लोणार-मेहकरच्या किती आईबापांना ठाऊक आहे? 1991-92 पासून चाललेल्या या वरिष्ठ महिला स्पर्धेला 2023-24 पासून राजमाता जिजाबाई करंडक हे नाव मिळाले. नाव आपल्या मातीतले. पण विजेत्यांच्या यादीत महाराष्ट्र कुठेच नाही. तेथे मणिपूरचे नाव वीसहून अधिक वेळा कोरले गेले आहे.

असे का व्हावे? आपल्या पोरींच्या पायात बळ नाही काय? शेतात निंदण करणाऱ्या, डोक्यावर हंडे वाहणाऱ्या घरांतल्या या लेकी आहेत. बळ आहे, पण मैदान नाही.

बाईला खेळापासून रोखायचे तर आधी तिचे मैदान काढून घ्यावे लागते. हे इंग्लंडनेही केले. 1920 च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूल येथे महिलांचा सामना पाहायला 53 हजार लोक जमले. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 रोजी, तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना देण्यास मनाई केली. हा खेळ बाईच्या जातीला शोभत नाही, हे कारण! ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. ती उठण्याच्या सुमारास, 1970-71 मध्ये, महिलांची राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा सुरू झाली. 2023 मध्ये तिचा अंतिम सामना वेम्बली मैदानावर 77 हजारांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. मैदान मिळाले, तेव्हा लोकही आले.

आपल्या समाजाला हे नव्याने सांगायला नको. 1927 मध्ये बाबासाहेब महाडला गेले, ते सार्वजनिक जागेवर माणूस म्हणून समान हक्क सांगायला. पाळवणकर बाळू यांच्यासारखा थोर गोलंदाज पुण्याच्या मैदानावर संघासाठी बळी घेत होता. चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. मैदानालाही जात असते आणि मैदानाला पुरुषपणही असते. ज्या घरात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, त्या घरच्या मुलीचे काय होत असेल?

भारतीय महिला 1980 आणि 1983 मध्ये आशियाई उपविजेत्या ठरल्या. त्या काळी देशाच्या मुख्य फुटबॉल महासंघाने महिलांचा कारभार हातीसुद्धा घेतला नव्हता! अशा उपेक्षेतही त्या तेथवर पोहोचल्या.

आता लोणारकडे वळू. आघाताने तयार झालेल्या सरोवरासाठी जग लोणारला येते; 2020 मध्ये ते रामसर यादीतही गेले. पण लोणारच्या मुलींनी जगाकडे जायचे कोणत्या वाटेने? वाट आहे. सुब्रोतो मुखर्जी चषक ही शालेय फुटबॉल स्पर्धा 1960 पासून चालते आणि 2012 पासून तिच्यात मुलींचा गट आहे. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशी ही शिडी. मात्र पहिल्या पायरीवर मुलगी एकटी चढू शकत नाही. तिच्या शाळेने संघ उभा करून नाव नोंदवावे लागते. शाळेने संघच उभा केला नाही, तर मुलगी न खेळताच बाद!

नागपुरात विजय बारसे यांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांच्या पायाशी चेंडू आणला. नागराज मंजुळे यांचा 2022 चा 'झुंड' त्याच कामावर बेतलेला. आणि 2024 मध्ये याच जिजाबाई करंडकाचा अंतिम सामना छत्तीसगडच्या आदिवासी नारायणपूरला झाला. नारायणपूरला जे जमते, ते बुलडाण्याला का जमू नये?

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि पालकांनी एक साधे काम करावे. आपल्या गावच्या शाळेत जावे आणि मुख्याध्यापकांना विचारावे: यंदा मुलींचा फुटबॉल संघ नोंदवला काय? नसेल तर का नाही? आठवड्यातले किती तास मैदान मुलींसाठी राखून ठेवले? क्रीडाशिक्षक आहे काय? उत्तर लेखी मागावे. 3 जानेवारीला सावित्रीमाईंना आणि 12 तारखेला जिजाऊंना हार घालताना गावातल्या पोरींचा एक सामना ठेवावा. त्याला खर्च एका चेंडूचा आहे.

1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप दिले. ते माप एकदा गावच्या मैदानाला लावून पाहू या. संध्याकाळी तेथे किती मुली खेळताना दिसतात, ते मोजा. आकडा शून्य आला, तर करंडकावरचे जिजाऊंचे नाव आपल्याला जाब विचारते आहे, असे समजा.