कृतज्ञतेची वही : उपयोग आणि मर्यादा

दिवसभरात दहा कामे मनासारखी होतात, एक बिघडते. रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच एक डोक्यात घोळत राहते. यावरचा एक साधा उपाय अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी तपासला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटावी अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. काहींनी कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला अधिक समाधान वाटले, शारीरिक तक्रारी कमी जाणवल्या. स्नायू व मज्जातंतूंचे आजार असलेल्यांनी २१ दिवस रोज अशी नोंद ठेवली, तेव्हा झोप सुधारल्याचे त्यांनी सांगितले.

मात्र नैराश्य व चिंतेच्या लक्षणांवरचा परिणाम २७ अभ्यास एकत्र करून पाहिला, तेव्हा तो अल्पच निघाला. म्हणजे वही औषधाची जागा घेत नाही. ‘तुला कशाची कमी आहे?’ असे नैराश्यग्रस्ताला सुनावणे म्हणजे कृतज्ञता शिकवणे नव्हे.

करून पाहायचे तर झोपण्यापूर्वी तीन नेमक्या गोष्टी लिहाव्यात. ‘घरचे चांगले आहेत’ यापेक्षा ‘सूनबाई न सांगता दवाखान्यात सोबत आली’ हे बरे. उदासी दोन आठवडे टिकली, तर मात्र वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे.