हिशेबाची डिस्क निकामी होते तेव्हा

वहीला वाळवी लागली तर पानास पडलेली भोके दिसतात; पावसात भिजली तर शाई फुटलेली दिसते. संगणकातील डिस्क निकामी होते तेव्हा मात्र गादीवर बसणाऱ्यास काहीच दिसत नाही. बिले निघत राहतात, खतावणी उघडते, दिवाणजींचे काम सुरळीत चालू असते. आणि आतील एक आधार केव्हाच गळून पडलेला असतो. 2022 साली दसऱ्याच्या सुमारास आमच्या बेळगावच्या भुसार पेढीवर नेमके हेच घडले. अकरा वर्षांचा जमाखर्च, खेड्यांतील गिऱ्हाइकांची उधारी, हमालांची शिल्लक मजुरी, सारे त्या एका पेटीत होते. व्यापारीबंधूंपैकी अनेकांच्या पेढ्यांवर आज अशीच पेटी असल्यामुळे तो प्रसंग येथे नमूद करणे उचित वाटते.

त्या पेटीत प्रत्येकी 4 टेराबाइटच्या चार डिस्का होत्या, आणि लिनक्स प्रणालीने त्या चौघींचा मिळून एक समूह बांधला होता. या बांधणीस ‘रेड’ असे नाव आहे. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिचे प्रकार क्रमवार मांडले. एका महागड्या डिस्केऐवजी अनेक स्वस्त डिस्का एकत्र जुंपाव्यात आणि त्यांतील एखादी बुडाली तरी व्यवहार चालू राहावा, हा त्यांचा विचार. तो व्यापाऱ्यास समजावून सांगण्यास फार पांडित्य लागत नाही. एका ओळीत तीन रकमा लिहाव्या आणि चौथ्या घरात त्यांची बेरीज मांडावी. पुढे एक रक्कम पुसली गेली, तर बेरजेतून उरलेल्या दोन वजा करून ती पुन्हा मिळते. दोन पुसल्या गेल्या, तर कोणताही गणिती त्या सांगू शकत नाही. संगणकात बेरजेच्या जागी सम-विषमाची खूण असते, आणि ती एकाच डिस्केवर न ठेवता चौघींवर आळीपाळीने वाटलेली असते, इतकाच फरक. म्हणून चार डिस्कांत तिघींइतकाच, म्हणजे 12 टेराबाइट माल मावतो. चौथीइतकी जागा हे त्या विम्याचे मोल होय.

आमच्याकडे एक डिस्क समूहातून बाहेर पडली, आणि विम्याने आपले काम चोख बजावले. इतके चोख, की 9 दिवस कोणास पत्ता लागला नाही. अशा वेळी पत्र पाठवून मालकास सावध करणारा पहारेकरी या प्रणालीत असतो. परंतु पत्र कोणास पाठवावे हा पत्ताच आम्ही नोंदविला नव्हता. आपल्या शास्त्रकारांनी प्रमाद हा कर्मबंधाच्या पाच कारणांत गणला आहे. त्याचा इतका रोकडा अनुभव मला पूर्वी आला नव्हता.

पुढचा प्रमाद अधिक महाग पडला. दहाव्या दिवशी दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी बिघडलेली समजून शेजारची, चांगली डिस्क उपसली. प्रणाली डिस्कांना जी नावे देते ती संगणक पुन्हा सुरू होताच बदलू शकतात. खरी ओळख म्हणजे डिस्केवर छापलेला अनुक्रमांक, आणि तो कोणी ताडून पाहिला नाही. ओळीतील दुसरी रक्कमही अशा रीतीने नाहीशी झाली आणि समूह तत्क्षणी बंद पडला. तीर्थरूप अण्णा त्या वेळी गादीवर होते. ते काही बोलले नाहीत. उठले आणि कपाटातून 2011 सालची शेवटची हस्तलिखित खतावणी काढून चाळीत बसले.

सुदैवाने आमच्या नात्यातील एक अभियंता संध्याकाळी आला. त्याने प्रथम कोणती गोष्ट केली म्हणाल, तर पेटी बंद केली आणि कोणीही हात लावू नये असे बजावले. त्याचे म्हणणे असे की, एवढ्याने माहिती मरत नाही. ती मारली जाते ती घाईने. समूह जुळत नाही असे पाहून मनुष्य ‘क्रिएट’ ही आज्ञा देतो, म्हणजे समूह नव्याने निर्माण करावयास सांगतो. त्या आज्ञेने डिस्कांवरील जुनी नोंदपत्रे पुसली जातात. आणि क्रम किंवा मापे किंचित जरी चुकली, तरी प्रणाली नव्या खुणा मांडू लागते व त्यांखाली मूळ अक्षरे गाडली जातात. योग्य आज्ञा ‘असेंबल’, म्हणजे आहे तेच जुळविण्याची. तीही मूळ डिस्कांवर नव्हे, त्यांच्या नकलांवर द्यावी.

त्याने चारही डिस्कांचे अनुक्रमांक कागदावर उतरविले आणि प्रत्येकीचे नोंदपत्र केवळ वाचून पाहिले. या नोंदपत्रात घडामोडींचा एक चढता आकडा असतो. जी डिस्क समूहातून बाहेर पडते तिचा आकडा तेथेच थांबतो. 9 दिवसांपूर्वी गळालेली डिस्क फार मागे होती, म्हणून तिचा विचार सोडला. चुकीने उपसलेली मात्र जेमतेम काही आकड्यांनी मागे होती. मग तीन नव्या डिस्का आणवून ‘डीडीरेस्क्यू’ या साधनाने तिघींच्या नकला घेतल्या. वाचता न येणारी जागा आली की हे साधन तेथे अडून बसत नाही. ती टिपून पुढे जाते आणि शेवटी परत येते. प्रत्येकीस सात-आठ तास लागले. एका डिस्केवरील 24 किलोबाइट अखेरपर्यंत वाचता आले नाहीत. नंतर नकलांवर सक्तीने जुळणी केली, आणि समूह केवळ वाचनापुरता उघडला. खतावणी उघडली तेव्हा पहाटेचे साडेचार झाले होते. ती छिद्रे एका जुन्या छायाचित्रात निघाली. त्या दुपारच्या दोन नोंदी गेल्या होत्या; त्या बिलबुकाच्या स्थळप्रतीवरून पुन्हा घातल्या.

सारा माल प्रथम बाहेरच्या डिस्केवर उतरवून घेतला, आणि त्यानंतरच चौथी नवी डिस्क जोडून समूह पुन्हा भरण्यास लावला. हा क्रम महत्त्वाचा आहे. भरणीच्या वेळी उरलेल्या तिघी अथपासून इतिपर्यंत, म्हणजे 12 टेराबाइट, वाचाव्या लागतात. आणि साधारण प्रतीच्या डिस्कांविषयी कारखानदार जी हमी देतात ती सुमारे साडेबारा टेराबाइट वाचनात फार तर एक अवाच्य जागा, अशी असते. प्रत्यक्षात डिस्का पुष्कळदा याहून बऱ्या निघतात. तरी मोठ्या समूहास दोन खुणांची ‘रेड-सहा’ ही बांधणी घेणे शहाणपणाचे.

गळालेल्या पहिल्या डिस्केची कथा तर विलक्षणच. ती तपासली तेव्हा पुष्कळशी धडधाकट निघाली! स्वस्त डिस्केला एखादी जागा वाचता आली नाही तर ती हट्टाने मिनिट-दोन मिनिटे प्रयत्न करीत राहते. लिनक्स मात्र 30 सेकंद वाट पाहते, आणि उत्तर न आल्यास डिस्क गेली असे समजून तिला काढून टाकते. ज्या डिस्कांत सोय असते त्यांत हा हट्ट 7 सेकंदांवर आणता येतो. ते प्रथमच केले असते तर बहुधा पुढचे रामायण टळले असते. त्याचबरोबर संपूर्ण समूह महिन्यातून एकदा वाचून ताडून पाहण्याची व्यवस्था ठेवावी. डेबियन प्रणालीत ती पहिल्या रविवारी आपोआप होते.

एवढे करूनही डिस्कांचा समूह म्हणजे राखीव प्रत नव्हे, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. चुकून पुसलेले खाते चारही डिस्कांवरून एकदमच पुसले जाते; आग लागली तर चौघी एकत्र जळतात. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत धवलेच्या ताडपत्री प्रती एकाहून अधिक होत्या, परंतु त्या एकाच छपराखाली. विसाव्या शतकात नकला बाहेर आल्या आणि 1939 पासून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली ग्रंथ छापला जाऊ लागला, तेव्हा कोठे तो अनेक गावी पोहोचला. शास्त्राची नकल करून ती दुसऱ्या भांडारास दान देणारे आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ व्यवहारी होते. शिवाय जीएसटी कायद्याच्या 36 व्या कलमान्वये वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब राखणे बंधनकारक आहे. डिस्क गेली ही सबब तेथे कितपत चालेल, याचा ज्याने त्याने विचार करावा. आमच्या पेढीची प्रत आता रोज रात्री शहापुरात थोरल्या बहिणीच्या घरी जाते, आणि दर महिन्यास तीतून एक खाते परत उघडून पाहिले जाते.

त्या दिवाळीस चोपडापूजनाच्या नव्या वहीत पहिल्या पानामागे चारही डिस्कांचे अनुक्रमांक आणि पेटीतील त्यांची घरे मांडून ठेवली. 2024 साली एक डिस्क बदलावी लागली. पत्र त्याच दिवशी आले. अण्णांनी चष्मा लावून पेटीपाशी बसून क्रमांक दोनदा वाचून घेतला, मग जुन्या आकड्यावर रेघ मारून खाली नवा लिहिला.