नवी वसाहत : रस्ता आधी, घर मागून

शहरांच्या आणि वाढत्या गावांच्या सीमेवर शेतजमिनींचे भूखंडांत रूपांतर होण्याची प्रक्रिया गेली कित्येक दशके अखंड चालू आहे. आयुष्यभराच्या बचतीतून भूखंड घेणाऱ्या कुटुंबाचे लक्ष स्वाभाविकपणे आपल्या चार सीमांकडे असते. भूखंडासमोरील रस्ता किती रुंद आहे आणि तो पुढे कोठे मिळतो, याची चौकशी क्वचितच केली जाते. वस्तुतः वसाहतीचे भवितव्य घरांच्या बांधणीपेक्षा रस्त्यांच्या आखणीवर अधिक अवलंबून असते. घर पाडून पुन्हा बांधता येते. परंतु दोन्ही बाजूंस घरे उभी राहिल्यानंतर अरुंद रस्ता रुंद करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. रस्ते व भूखंड यांविषयीच्या मानकांचे महत्त्व या एका गोष्टीत सामावलेले आहे.

अनुभवातून आलेले शहाणपण

ही मानके केवळ कागदावर जन्माला आलेली नाहीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा दाट वस्ती, अरुंद गल्ल्या आणि हवा-उजेडाचा अभाव यांचे दुष्परिणाम प्रकर्षाने दिसून आले. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. या न्यासाने दादर, माटुंगा या भागांत वसाहती आखताना आधी रस्ते व मोकळ्या जागा निश्चित केल्या आणि मग भूखंड पाडले. १९१५ मध्ये मुंबई नगररचना कायदा अस्तित्वात आला. पुढे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ संमत झाला. या अधिनियमानुसार जमिनीचा अभिन्यास तयार करणे व तिची पोटविभागणी करणे यांचाही ‘विकास’ या संज्ञेत समावेश होतो. म्हणजेच एक वीटही न रचता केवळ जमिनीचे तुकडे पाडावयाचे असले, तरी त्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक ठरते.

डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू करण्यात आली. देशपातळीवर राष्ट्रीय इमारत संहिता मार्गदर्शक मानली जाते. ती प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारण्यात आली.

रुंदी कशी ठरते ?

वसाहतीतील रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीशी निगडित असते. रस्ता जितका लांब, तितकी त्यावर तोंड असलेली घरे अधिक आणि तितकीच वाहने, पाणी व सांडपाणी अधिक. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीनुसार निवासी भागातील ७५ मीटर लांबीपर्यंतच्या पोहोच रस्त्यास किमान ६ मीटर, १५० मीटरपर्यंत ७.५ मीटर, २५० मीटरपर्यंत ९ मीटर आणि ४०० मीटरपर्यंत १२ मीटर रुंदी अपेक्षिली आहे. प्रत्यक्ष परवानगीच्या वेळी अर्थातच स्थानिक नियमावलीतील आकडेच बंधनकारक असतात.

९ मीटर रुंदी ही चैन आहे, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो तपासून पाहावा. दोन वाहने एकमेकांस बाजू देऊन जाण्यासाठी साडेपाच मीटर डांबरी भाग लागतो. उरलेल्या साडेतीन मीटरची दोन बाजूंत वाटणी केली, तर प्रत्येकी पावणेदोन मीटर मिळतात. त्यातच गटार, विजेचे खांब, जलवाहिनी, झाडे आणि पादचारी यांची सोय करावयाची असते. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असे भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. हे लक्षात घेता ९ मीटरचा रस्ताही काटकसरीचाच ठरतो.

रुंदीइतकेच महत्त्व वळणाला आहे. दोन रस्ते मिळतात तेथे कोपऱ्यावरील भूखंडाचा कोन छाटून रस्त्यात घेतला जातो, तो समोरून येणारे वाहन दिसावे आणि मोठे वाहन वळावे म्हणून. अग्निशामक बंबासारख्या अवजड वाहनास वळण्यासाठी सुमारे ९ मीटर त्रिज्येची जागा लागते. ती नसेल, तर आग लागलेल्या घरापासून बंब दूर उभा राहतो. रुग्णवाहिकेचीही हीच गत होते.

एका हेक्टरचा हिशेब

शंभर मीटर लांब व शंभर मीटर रुंद अशा एक हेक्टर जमिनीचे उदाहरण घेता येईल. तीत ९ मीटर रुंदीचे दोन समांतर रस्ते घेऊन ते मागील टोकास तितक्याच रुंदीच्या रस्त्याने एकमेकांस जोडले, तर रस्त्यांखाली सुमारे २,१७० चौरस मीटर क्षेत्र जाते. ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या अभिन्यासात १० टक्के मोकळी जागा ठेवण्याचा नियम आहे. त्यानुसार आणखी १,००० चौरस मीटर वगळावे लागतात. उरलेल्या सुमारे ६,८३० चौरस मीटरमध्ये सरासरी २०० चौरस मीटरचे ३४ भूखंड होतात.

याच जमिनीत ४ मीटरच्या दोन बोळी ठेवून, मोकळी जागा मुळीच न सोडता एकेका गुंठ्याचे तुकडे पाडले, तर त्यांची संख्या ९० च्या घरात जाते. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर जागा. विक्रेत्याचा लाभ या आकड्यांतून स्पष्ट होतो. मात्र त्या लाभाची किंमत पुढे ९० कुटुंबांना मोजावी लागते आणि गटार, रस्ता व पाणी यांचा भार अखेर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद यांच्यावर पडतो.

सांगली, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत अशा गुंठेवारी वसाहती मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला आणि २०२१ मधील सुधारणेने त्याची कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. नियमितीकरणाने घराला कायद्याचे संरक्षण मिळते, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि अरुंद बोळ त्यामुळे रुंद होत नाही आणि न ठेवलेले क्रीडांगण परत मिळत नाही.

यावर एक प्रश्न रास्तपणे विचारला जातो : मानकांमुळे भूखंड महाग होत असेल, तर गरिबाने जावे कोठे ? अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी लहान भूखंड व अरुंद पायवाटा यांना मुभा देणाऱ्या वेगळ्या तरतुदी राष्ट्रीय इमारत संहितेत केलेल्या आहेत. तेथेही वाहनाच्या रस्त्यापासूनचे अंतर मर्यादित ठेवलेले असते. भूखंड लहान असू शकतो. रुग्णवाहिका व पाणी पोहोचण्याची वाट मात्र वगळता येत नाही.

दक्षता कोणी घ्यावी ?

अभिन्यासास प्रथम तात्पुरती मंजुरी मिळते. त्यानंतर जागेवर आखणी व मोजणी होऊन अंतिम मंजुरी दिली जाते. तात्पुरत्या मंजुरीचा नकाशा दाखवून भूखंडांची नोंदणी सुरू झाली असेल, तर ग्राहकाने सावध व्हावे. मंजूर नकाशा, अकृषिक वापराबाबतची कागदपत्रे आणि जागेवरील सीमाखुणा या तीन गोष्टी एकमेकींशी जुळतात काय, हे पाहूनच व्यवहार करणे श्रेयस्कर होय.

पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील प्रत्येक मंजूर अभिन्यासाची प्रत कार्यालयात उपलब्ध ठेवावी आणि त्यातील मोकळी जागा व रस्ते यांवर अतिक्रमण होत नाही ना, याची वेळोवेळी पाहणी करावी. एका अभिन्यासातील रस्ता शेजारच्या जमिनीतील रस्त्यास जुळतो किंवा कसे, हे मंजुरीच्या टप्प्यावरच संबंधित अधिकाऱ्यांनी तपासले पाहिजे. नाहीतर प्रत्येक वसाहत स्वतंत्र बेट होऊन राहते. जमिनीचा नैसर्गिक उतार व ओढ्यानाल्यांचे प्रवाह नकाशात दाखविलेले असणेही तितकेच आवश्यक आहे. कारण पावसाळ्यात रस्त्याकडेचे गटार त्या उतारानेच वाहणार असते. शिक्षकांना भूगोलाच्या तासाला गावातील अभिन्यासाचा नकाशा विद्यार्थ्यांकडून वाचून घेता येईल आणि रस्त्याची रुंदी टेपने मोजून ती नकाशाशी ताडून पाहता येईल. नकाशा वाचता येणारी पिढी भूखंड घेताना सहसा फसणार नाही.

नव्या वसाहतीत पहिल्या वर्षी रस्ता रिकामा दिसतो आणि सोडलेली जागा वाया गेल्यासारखी वाटते. वस्ती भरत गेली, की तीच जागा अपुरी भासू लागते. रस्त्याची रुंदी आज दिसणाऱ्या रहदारीसाठी नव्हे, तर पुढील पन्नास वर्षांसाठी ठरवावयाची असते. आखणीच्या दिवशी दाखविलेली थोडीशी दूरदृष्टी पुढील दोन पिढ्यांच्या उपयोगी पडेल, यात शंका नाही.