पाचोळ्यातला ढेकूण आणि त्याचे नाव



वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, की अमुक डोंगरात किड्याची एक नवी जात सापडली. ती वाचून गावातला एखादा म्हातारा शाळेच्या ओट्यावर येतो आणि विचारतो, "काय हो गुरुजी, नवी म्हणजे कशी? हा किडा काय काल-परवा जन्माला आला?"

प्रश्न साधा आहे, पण मोठा मार्मिक आहे. किडा नवा नसतोच. तो आपल्या पणजोबांच्याही आधीपासून तिथेच पाचोळ्यात हिंडत असतो. नवे असते ते त्याचे वर्णन. कुणीतरी त्याला नीट पाहिले, इतरांपासून वेगळा ओळखला आणि ते चारचौघांना तपासता येईल असे लिहून ठेवले, की ती 'नवी जात' झाली. हे लिहिणे कसे चालते आणि शेतकऱ्याला त्याचे काय, ते आज एका अगदी मामुली किड्यावरून पाहू.

उंबराच्या किंवा वडाच्या झाडाखाली बसून थोडा पाचोळा बाजूला सारा. गळून सुकलेल्या फळांमध्ये तपकिरी, काळपट, मातीच्याच रंगाचे लहान लहान किडे लगबगीने पळताना दिसतात. काही तर इतके मुंगीसारखे दिसतात की आपण फसतोच. हे ढेकणांचे भाऊबंद. पण हे रक्त पीत नाहीत, बिया शोषतात. जमिनीवर पडलेल्या बीमध्ये ते आपली बारीक सोंड खुपसतात, आत लाळ सोडतात आणि विरघळलेला गर ओढून घेतात. बी धरून ठेवायला सोयीच्या अशा जाड, काटेरी मांड्या त्यांतल्या अनेकांच्या पुढच्या पायांना असतात. जेम्स स्लेटर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९७२ साली वड-उंबराच्या वर्गातल्या झाडांची बी खाणाऱ्या अशाच ढेकणांविषयी लेख लिहिला होता.

शास्त्रात या कुळाला 'ऱ्हायपॅरोक्रोमिडी' म्हणतात. नाव जिभेला जड आहे, पण त्याचा ग्रीक अर्थ सोपा आहे : मळकट रंगाचे. जगात यांच्या दोन हजारांच्या आसपास जातींची नोंद झालेली आहे.

आता तुम्ही म्हणाल, उंबराखालच्या किड्याशी आम्हांला काय करायचे? तर याच कुळातला एक गडी तुमच्या खळ्यावरही येतो. भुईमूग काढून शेंगा वाळत घातल्या, की ढिगाखाली साधारण एक सेंटिमीटर लांबीचे काळपट तपकिरी ढेकूण जमतात. शेतीच्या पुस्तकांत याचे नाव 'एलास्मोलोमस सॉर्डिडस' असे सापडते. सॉर्डिडस या लॅटिन शब्दाचा अर्थही पुन्हा 'मळकट' असाच! याची नुकती फुटलेली पिल्ले मात्र पोटाला लालभडक असतात आणि वाढतील तशी काळवंडत जातात. पिल्ले काय नि मोठे काय, सगळेच शेंगेचे टरफल टोचून आतला दाणा शोषतात. शेंग वरून धड दिसते. फोडल्यावर कळते की दाणा सुरकुतला आहे. असल्या दाण्याच्या तेलाला खवट वास येतो. वाळत पडलेल्या तिळावरही हा किडा येतो.

हे ऐकून कुणी म्हणेल, "मग जमिनीवर पळणारा असला प्रत्येक किडा मारूनच टाकावा!" थांबा. शेतात जमिनीवर पळणारा, जवळजवळ याच चणीचा, पण मोठ्या डोळ्यांचा आणखी एक ढेकूण असतो. त्याला 'जिओकोरिस' म्हणतात. तो पिकावरचे लहान किडे, त्यांची अंडी, पांढरी माशी, कोळी यांच्यावर गुजराण करतो. म्हणजे तो आपला बिनपगारी राखणदार! घाईने पाहणाऱ्याला दोघे सारखेच वाटतात. उंबराखालचा गळलेल्या बिया खातो, खळ्यावरचा आपले नुकसान करतो आणि मोठ्या डोळ्यांचा आपले पीक राखतो. तिघांना एकच नाव दिले तर तिघांवरही एकच औषध पडेल. पैसे जातील ते जातील, राखणदारही जाईल. ओळख चुकली, की पुढचे सगळे उपाय चुकतात.

म्हणून शास्त्रज्ञ किड्याच्या वर्णनाला इतके जपतात. हे काम पायरीपायरीने होते.

पहिली पायरी गोळा करण्याची. किडा पकडला, की त्याच्याबरोबर चिठ्ठी हवीच : गाव कोणते, तारीख काय, कशाखाली सापडला आणि कुणी धरला. ही चिठ्ठी हरवली, तर कितीही दुर्मिळ किडा असो, त्याची किंमत निम्म्याहून अधिक उतरते. लहान ढेकणाला सरळ टाचणी मारीत नाहीत. कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर त्याला चिकटवतात आणि टाचणी कागदाला मारतात.

दुसरी पायरी पाहण्याची. मळकट किड्याच्या बाबतीत रंगाचा फारसा भरवसा धरता येत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याची रुंदी, मिशांच्या चारही पेरांची लांबी, सोंड कोणत्या पायापर्यंत पोचते, मांडीवर काटे किती, दुर्गंधी सोडणाऱ्या ग्रंथीच्या तोंडाभोवतीचा भाग कसा आहे, हे सारे मोजून लिहितात. या कुळाची एक खूण पोटाच्या खालच्या बाजूला असते. तिथली चौथ्या व पाचव्या खंडांमधली शिवण पुढे वळते आणि बहुतेकांत ती कडेपर्यंत पोचत नाही. अगदी जवळच्या जाती वेगळ्या काढायच्या, तर नराच्या पोटाच्या शेवटच्या भागाची रचना तपासावी लागते.

इथे फसायला जागा पुष्कळ आहेत. हे किडे फुलपाखरासारखे कोषात जात नाहीत. पिल्लू पाच अवस्थांतून कात टाकीत वाढते आणि लहानपणी ते मोठ्याहून निराळे दिसते. शिवाय एकाच जातीत काहींचे पंख लांब, तर काहींचे आखूड असू शकतात. उतावळा माणूस एकाच जातीच्या दोन जाती करून बसतो!

तिसरी पायरी तुलनेची, आणि सर्वांत वेळ हिच्यात जातो. आपल्याला नवा वाटलेला किडा पूर्वी कुणी लिहून ठेवलेला नाही ना, हे पाहावे लागते. आपल्या देशाच्या ढेकूणवर्गीय किड्यांवर विल्यम डिस्टंट यांचे सात खंड १९०२ ते १९१८ या काळात निघाले. त्यांच्या संग्रहातले पुष्कळ नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. आजही या वर्गाचे काम करणाऱ्याला ते खंड उघडावेच लागतात. शिवाय शास्त्राची मांडणीही बदलत असते. मळकट ढेकूण आणि मोठ्या डोळ्यांचा ढेकूण हे पूर्वी लायगेइडी या एकाच मोठ्या कुळात धरीत. १९९७ साली टॉमस हेन्री यांनी त्या कुळाची फेरमांडणी केली, तेव्हापासून त्यांची कुळे वेगळी धरतात.

शेवटची पायरी नाव देण्याची. १७५८ साली स्वीडनच्या लिनियसने प्राण्यांना सरसकट दोन शब्दांची नावे दिली, तिथपासून प्राण्यांच्या नावांचा हिशेब धरतात. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्या जातीचा स्वतःचा. एकाच किड्याला दोघांनी नावे दिली, तर सामान्यतः आधीचे नाव राहते. आणि नुसते नाव छापून भागत नाही. एक नमुना त्या नावाचा साक्षीदार म्हणून ठरवावा लागतो. त्याला नमुनाप्रत म्हणू. उद्या कुणाला शंका आली, तर त्याने जाऊन तोच किडा पाहावा. जमिनीच्या वादात आपण जसे मूळ दगडापाशी जातो, तसेच हे! सन २००० पासून ही नमुनाप्रत लेखात स्पष्ट सांगणे नियमाने सक्तीचे आहे. आपल्याकडे जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे नवी जात सापडली, तर सरकारने नेमलेल्या संग्रहाला ती कळवून तिचा नमुना तिथे द्यावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ साली कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात, स्थापन झाली. तिचे एक केंद्र पुण्यातही आहे.

आता गुरुजनांना एक विनंती. हे काम थोरामोठ्यांचे म्हणून सोडून देऊ नका. पहिल्या पायरीला तुमची शाळा पुरी पडते. पाऊस उघडल्यावर गावच्या उंबराखाली मुलांना न्या. पांढरे धोतर अंथरा, त्यावर चाळणीने पाचोळा चाळा आणि काय काय पळते ते भिंगातून पाहू द्या. मुलांनी वहीत चित्र काढावे; तारीख, जागा आणि झाडाचे नाव लिहावे. मग किडे जिथले तिथे सोडून द्यावेत. अभयारण्यात मात्र परवानगीवाचून काही उचलू नये. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच झाडाखाली पुन्हा पाहावे. अशी दहा वर्षांची वही एखाद्या शाळेत असेल, तर तिथे कोणता किडा कधी येतो आणि कोणता येईनासा झाला, हे कळेल. झाड तुटले, पाचोळा जाळला, की त्याच्याखालचे जगही जाते. आणि ज्याला नावच नाही, तो गेल्याची नोंद कोण करणार?

शेतकरी बंधूंनी एवढेच करावे. खळ्यावर अनोळखी ढेकूण दिसला, तर आधी फवाऱ्याकडे न धावता दोन-चार किडे काचेच्या बाटलीत घालावेत, चिठ्ठी लिहावी आणि कृषी खात्याच्या माणसाला किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयात नेऊन दाखवावेत. "याचं नाव काय?" असे विचारावे. नाव कळले, की तो खातो काय, अंडी कुठे घालतो आणि त्याला आवरायचे कसे, हे सारे त्या नावाखाली लिहिलेले सापडते.

आणि ओट्यावरच्या त्या म्हाताऱ्याला सांगावे, "आजोबा, किडा जुनाच आहे. आपण त्याला आत्ता कुठं ओळखलं!"