मागच्या दाराची काच का अडते?

पाऊस सुरू झाला आणि मोटारीच्या मागच्या दाराची काच वर येईना, की 'मोटर जळाली' असा निकाल बहुधा लगेच मिळतो. दार उघडून नवी मोटर बसते, आणि कित्येकदा काच तरीही हलत नाही! वास्तविक दोष कोठे आहे, हे एकही स्क्रू न काढता पुष्कळसे ठरविता येते.

जुन्या अँबॅसडरमध्ये काच हाताने दांडा फिरवून चढवीत. आता दारात १२ व्होल्टची मोटर असते. प्रवाह एका दिशेने गेला की काच चढते, उलट गेला की उतरते. मागच्या काचेला बटणे दोन असतात: एक प्रवाशाजवळ, दुसरे चालकाच्या दारावर. पुष्कळ साध्या गाड्यांतील जोडणी पुढीलप्रमाणे असते. ती कागदावर काढून पाहा.

मोटरची दोन टोके क आणि ख. प्रत्येक टोक मागच्या बटणातून एकेका तारेने चालकाच्या बटणाकडे जाते आणि तेथून गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला मिळते. मागून 'वर' दाबले की क आपल्या तारेपासून सुटून धन टोकाला जोडले जाते. प्रवाह मोटरमधून ख तारेने परततो. 'खाली' दाबले की प्रवाह क तारेने परततो. चालकाने दाबल्यास मात्र दोन्ही तारा लागतात.

आता समजा, ख तार तुटली. चालकाच्या बटणाने काच मुळीच हलणार नाही. मागच्या बटणाने ती खाली जाईल, पण वर येणार नाही. मोटर जळली असती तर काच खाली तरी कशी गेली असती?

चालकाचे बटण चालते पण मागचे मुळीच चालत नाही, असे असेल तर आधी चालकाजवळचे काचबंदीचे बटण पाहावे. ते मागच्या बटणाचा धन पुरवठा तोडते. डोके बाहेर काढलेल्या मुलाचा गुडघा बटणावर पडला तर मान काचेत सापडू शकते, म्हणून ही सोय आहे. ती कायमची काढून टाकणे शहाणपणाचे नाही.

तार बहुधा दार व खांब यांमधील रबरी नळीत तुटते. नगर-शिर्डी रस्त्यावरच्या भाड्याच्या गाडीचे दार दिवसातून किती वेळा उघडत असेल! वाकून वाकून तांब्याचे धागे एकेक तुटतात. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. एखादाच धागा उरला तर गंमत होते. तेथील रोध ०.५ ओम झाला असे धरा. ०.२ अँपिअर घेणारा तपासणीचा दिवा लावल्यास तेथे फक्त ०.१ व्होल्ट खर्च होतो आणि दिवा लख्ख पेटतो. मोटर ८ अँपिअर घेऊ लागली की तेथेच ४ व्होल्ट जातात, मोटरला उरतात ८, आणि काच अर्ध्यावर कण्हत थांबते. म्हणून व्होल्टमापक मोटरच्या टोकांना लावून बटण दाबलेले असतानाच वाचावा. फ्यूज गेला असेल तर त्याच्या जागी जाड तार कधीही घालू नये. मग फ्यूजऐवजी दारातील तारा तापतात व पेट घेतात.

हे मंडल शाळेतही जुळविता येते. दोन सेल, खेळण्यातील मोटर आणि जिन्याच्या दिव्याची चार द्विमार्गी बटणे पुरेत. एकाने गुपचूप एक तार सोडवावी. बाकीच्यांनी तारांना हात न लावता, फक्त बटणे दाबून ती ओळखावी.