कार्डाचे पॉइंट आणि परदेशची सहल

व्यापाऱ्याच्या घरात उधारीचे तंत्र कोणास शिकवावे लागत नाही. माल आज, पैसे मुदतीवर. मुदत पाळली तर पत वाढते, चुकली तर व्याज चढते. क्रेडिट कार्ड हे याच जुन्या व्यवहाराचे नवे रूप होय. विशेष इतकेच की, या उधारीवर बँक उलट आपणांसच बक्षीस देऊ करते आणि त्या बक्षिसाच्या बळावर कुटुंबासह परदेशची सहल घडते, असे आजकाल पुष्कळदा कानी येते. आपल्या पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाल्यामुळे पार्से गावातील कुटुंबांसही विमानप्रवास दारात आल्यासारखा झाला आहे. तेव्हा या गोष्टीत तथ्य किती, हे हिशेबाच्या कसोटीवर पाहणे उचित ठरेल.

भारतात सेंट्रल बँकेने आपले कार्ड १९८० साली काढले. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने नित्याच्या प्रवाशांस मैलांचे बक्षीस देण्याची योजना सुरू केली आणि १९८७ साली सिटीबँकेच्या कार्डाशी तिची सांगड घातली गेली. आजच्या पॉइंटांचे मूळ तेथे आहे.

हे पॉइंट येतात कोठून? गिऱ्हाईक कार्डाने पैसे देते, तेव्हा दुकानदाराच्या रकमेतून बँक काही टक्के कापून घेते. त्यातील एक वाटा गिऱ्हाइकास पॉइंटाच्या रूपाने परत मिळतो. बँकेचे दुसरे मोठे उत्पन्न म्हणजे मुदत चुकविणाऱ्यांचे व्याज. म्हणजेच गल्ल्यावर बसताना जी कपात आपण सोसतो, तिचाच काही अंश गिऱ्हाईक म्हणून आपण परत मिळवू शकतो.

आता आकडे मांडू. समजा, घरखर्चाचे दरमहा ५०,००० रुपये कार्डाने दिले आणि पॉइंटांचे मूल्य खर्चाच्या १ टक्का पडले. महिन्यास ५०० रुपये, वर्षास ६,०००, तीन वर्षांत १८,०००. एवढ्यात चौघांची सहल होणार नाही. परंतु तिला चांगला हातभार लागेल. उलट, एका महिन्याचे संपूर्ण बिल थकले आणि व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के असला, तर व्याज १,७५० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये, असे २,०६५ रुपये नावे पडतात. चार महिन्यांची कमाई एका महिन्यात गेली! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ भरली म्हणजे दंड टळतो, व्याज टळत नाही.

व्यापारी बंधूंनी दोन मोहांपासून विशेष दूर राहावे. पहिला, आपल्याच दुकानाच्या यंत्रावर आपलेच कार्ड घासून पॉइंट जमविण्याचा. हा बँकेशी केलेल्या कराराचा भंग होय. त्यात कार्ड व यंत्र दोन्ही गमावण्याचा संभव असतो. दुसरा, घाऊक मालाचे पैसे कार्डाने देण्याचा. पुरवठादार त्यासाठी दोन टक्के जादा घेत असेल, तर एक टक्क्याच्या पॉइंटासाठी दोन टक्के मोजणे हा कसला व्यापार? तसेच घरचा व दुकानाचा खर्च एकाच कार्डावर करू नये. वर्षअखेरीस खतावणीत घोळ होतो.

पॉइंट वापरतानाही सावध असावे. विमान कंपनीकडे पॉइंट वळवून तिकीट घेतले तरी कर व विमानतळाचे शुल्क बहुधा रोख भरावे लागते. अशी आसने मोजकी असतात. शाळांच्या सुटीत तर दुर्मिळच. म्हणून तारखा काही महिने आधी पाहाव्यात. पुष्कळ पॉइंटांस मुदत असते, ती टिपून ठेवावी. परदेशात खरेदी करताना पुष्कळ कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास जादा आकार व त्यावर जीएसटी पडतो. म्हणजे लाखाच्या खर्चामागे सुमारे ४,१३० रुपये गेले. हा आकार कमी असलेले कार्ड प्रवासापूर्वीच निवडावे. कार्डाने रोख रक्कम तर काढूच नये. तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते.

सारांश, जो खर्च एरवीही होणारच होता, तोच कार्डाने करावा आणि बिल मुदतीत पुरते फेडावे. असे करणाऱ्यास पॉइंट ही सूट आहे. पॉइंटासाठी खर्च वाढविणाऱ्यास ते कर्जाचे आमिष आहे. सहलीचा मुख्य निधी दरमहा बाजूस काढलेल्या बचतीतूनच उभा राहावा, पॉइंटांनी त्यात भर घालावी. नव्या वर्षाच्या वहीत कार्डाचेही एक खाते उघडावे. एका बाजूस पॉइंटांचे मूल्य व दुसऱ्या बाजूस वार्षिक शुल्क, व्याज व इतर आकार मांडावेत. बाकी जमेची निघाली तरच कार्ड ठेवावे.