साबणाच्या रेणूची किमया

दिल्लीच्या रिज टेकडीवर मराठा सरदार हिंदूराव घाटगे यांचे निवासस्थान होते. आज तेथे त्यांच्याच नावाचे रुग्णालय आहे. कोणत्याही रुग्णालयात रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी हात स्वच्छ असावे लागतात. मात्र हातांवरील तेलकट मळ नुसत्या पाण्याने निघत नाही आणि त्यात जंतू टिकून राहतात.

साबणाच्या रेणूला डोके व शेपूट असे दोन भाग असतात. विद्युतभारित डोके पाण्याकडे ओढले जाते. कार्बन अणूंच्या साखळीची शेपूट तेलात शिरते. हात चोळताना तेलाचे सूक्ष्म थेंब होतात. त्यांच्याभोवती समान भाराची डोकी बाहेरच्या बाजूस राहिल्याने थेंब परस्परांना दूर लोटतात व पाण्यासोबत वाहून जातात. कोरोना विषाणूचे मेदयुक्त आवरणही साबण असेच फोडतो.

रेणूची रचना बदलली, की त्याचा गुणही बदलतो. शेपूट फार आखूड असल्यास ती तेलाला धरत नाही. फार लांब असल्यास साबण थंड पाण्यात नीट विरघळत नाही. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम साबणाच्या डोक्याशी संयोग पावून साका तयार करते. अपमार्जकाचे सल्फोनेटयुक्त डोके मात्र अशा पाण्यातही कार्य करते. म्हणूनच फेस कमी आला, तर दोष साबणाचा की पाण्याचा, हे आधी पाहावे.